दुर्बीण घेताना ‘किती पट?’ विचारण्याआधी

ऑनलाइन दुकानांत अशा जाहिराती सर्रास दिसतात: ६० मिलिमीटरची दुर्बीण, ‘५२५ पट मोठं दिसेल’ असा दावा आणि खोक्यावर अवकाशयानाने जवळून टिपलेला शनी. मुलांच्या वाढदिवसाला आईवडील हौसेने ती घेतात. घरच्या सगळ्यांना एक अंधूक, थरथरणारा ठिपका दिसतो आणि थोड्याच दिवसांत दुर्बीण माळ्यावर जाते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण याच ६० मिलिमीटरच्या भिंगातून शनीची कडी खरोखर दिसतात. बिघडतं ते त्या ५२५ मुळे.

पट वाढवणं हे दुर्बिणीतलं सगळ्यात सोपं काम आहे. पुढच्या मोठ्या भिंगाच्या, म्हणजे वस्तुभिंगाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाच्या नाभीय अंतराने भागायचं. ७०० भागिले ४ म्हणजे १७५; मध्ये तिप्पट करणारी बार्लो भिंगाची नळी बसवली की झाले ५२५. गणित बरोबर आहे. पण दुर्बीण नेत्रिकेपाशी संपत नाही. तिचा शेवटचा भाग आपला डोळा असतो आणि या हिशेबात तो कुठेच आलेला नाही.

डोळा कुठे येतो ते पाहायला घरात बायनॉक्युलर असेल तर तो हातभर लांब धरा आणि त्याचं तोंड उजेडाकडे करा (सूर्याकडे अजिबात नको). दोन्ही नेत्रिकांमध्ये एकेक लहान, गोल, उजळ चकती दिसेल. डोकं जरा डावी-उजवीकडे हलवा. चकती काचेवर नाही, काचेच्या थोडी बाहेर हवेत आहे, हे लक्षात येईल. ही चकती म्हणजे नेत्रिकेने तयार केलेली वस्तुभिंगाची प्रतिमा. वस्तुभिंगातून आत आलेला आणि नेत्रिकेतून बाहेर पडणारा सगळा प्रकाश या एवढ्याशा वर्तुळातून जातो. तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. अठराव्या शतकातले इंग्लंडचे उपकरणकार जेसी रॅम्सडेन यांच्यावरून रॅम्सडेन चकती असंही नाव आहे. आपल्या डोळ्याची बाहुली नेमकी या जागी आली की दृश्य काठापर्यंत स्वच्छ दिसतं. ती पुढे-मागे झाली की कडेने काळी सावली सरकते.

गॅलिलिओच्या दुर्बिणीत ही सोय नव्हती. त्याची नेत्रिका अंतर्वक्र होती, त्यामुळे चकती नळीच्या आतच पडायची आणि तिथे डोळा नेणं शक्यच नव्हतं. दाराच्या फटीतून अंगण पाहावं तसं दृश्य चिंचोळं व्हायचं. त्याच्या २० पटीच्या दुर्बिणीत अख्खा चंद्र एका वेळी मावत नसे. केप्लरने १६११ मध्ये बहिर्वक्र नेत्रिकेची रचना मांडली. त्यात चकती बाहेर आली, डोळ्याला हक्काची जागा मिळाली. प्रतिमा उलटी झाली, पण आकाशात त्याने काही अडत नाही. बायनॉक्युलरमध्ये ती सुलट करायला लोलक बसवतात.

आता या चकतीचं माप. वस्तुभिंगाच्या व्यासाला पटीने भागा, झालं. ७×५० च्या (७ पट, ५० मिलिमीटरचं भिंग) बायनॉक्युलरमध्ये साधारण ७ मिलिमीटर, १०×५० मध्ये ५, खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये अडीच. आणि आपली बाहुली? भर उन्हात २ ते ३ मिलिमीटर, अंधारात तरुणपणी ७ पर्यंत. वय वाढतं तशी ती कमी उघडते. साठीत बऱ्याच जणांची ५ च्या आसपासच थांबते.

इथून मजा सुरू होते. भिगवणला दुपारी ७×५० ने रोहित पक्षी बघणाऱ्याची बाहुली अडीच मिलिमीटर असेल, तर चकतीचा मधला तेवढाच भाग डोळ्यात शिरतो. म्हणजे पुढच्या ५० मिलिमीटर भिंगातला मधला साडेसतरा मिलिमीटरच कामाचा, बाकीचं वजन मानेला. जहाजावर मात्र हीच मोठी चकती वरदान ठरते. डेक हलला तरी बाहुली चकतीच्या बाहेर जात नाही आणि रात्री तर ती पुरी वापरली जाते. पण साठीतल्या माणसाच्या ५ मिलिमीटरच्या बाहुलीला तेच साधन रात्रीही ७×३५ इतकाच प्रकाश देतं.

थोडं गणित करू. समजा भिंगाचा व्यास ड, बाहुलीचा ब आणि वर्धन प पट. भिंग डोळ्यापेक्षा (ड/ब)² पट प्रकाश गोळा करतं. पण प्रतिमा दृष्टिपटलावर प² पट क्षेत्रफळात पसरते. भागाकार केला की दर तुकड्यामागे तेज उरतं (ड/पब)², आणि ड/प म्हणजे आपली चकतीच! म्हणजे चकतीच्या आणि बाहुलीच्या व्यासांच्या गुणोत्तराचा वर्ग. चकती बाहुलीहून मोठी झाली तर जादाचा प्रकाश बाहेरच सांडतो. म्हणून हे गुणोत्तर १ च्या वर कधीच जात नाही. कितीही मोठी दुर्बीण आणा, चंद्राचा पृष्ठभाग किंवा मृगातला तेजोमेघ नुसत्या डोळ्यांपेक्षा जास्त तेजस्वी दिसू शकत नाही. तो फक्त मोठा दिसतो. अंधुक गोष्टी टिपायला डोळ्याला हा मोठेपणाच उपयोगी पडतो. तारा मात्र बिंदूच राहतो, त्याचा प्रकाश पसरत नाही, आणि पट वाढवली की मागचं आकाश काळवंडतं. वांगणीला रात्री दुर्बिणीत एकदम शेकडो तारे उमटतात ते या दोन्ही कारणांनी.

चकती फार लहान झाली तरी बिघडतं. साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेलो की प्रकाशाचं विवर्तन, म्हणजे भिंगाच्या कडेमुळे होणारं त्याचं पसरणं, डोळ्याला स्पष्ट जाणवू लागतं. ६० मिलिमीटरच्या भिंगाची मर्यादा अशी, की सुमारे २ विकलांपेक्षा (कोनीय सेकंदांपेक्षा) जवळचे दोन बिंदू त्याला वेगळे दाखवता येत नाहीत. ५२५ पटीने ही २ विकलांची पुसट कडा आकाशातल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याहून रुंद होते! चकती उरते ०.११ मिलिमीटर. एवढ्या बारीक झोतात आपल्याच डोळ्यातल्या तंतूंच्या सावल्या समोर तरंगू लागतात. मिलिमीटरमधल्या व्यासाची दुप्पट, म्हणजे इथे १२० पट, ही व्यवहारातली वरची मर्यादा धरावी. शनीची कडी पाहायला त्याच्या निम्मीही पुरे.

सूर्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. ग्रहणात अन्न टाकून देण्याचा किंवा गरोदर बाईला कोंडून ठेवण्याचा विज्ञानाशी काही संबंध नाही. ग्रहण तिला किंवा बाळाला काहीही करत नाही. धोका सूर्याकडे थेट पाहण्यात आहे, आणि तो ग्रहण नसतानाही असतो. दुर्बिणीतून तर दृष्टिपटलावर सूर्याची प्रतिमा क्षेत्रफळाने शेकडो पट होते, तेवढी उष्णता पेशींना बाहेर टाकता येत नाही, आणि दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला हवा. नेत्रिकेला लावायचे छोटे ‘सन फिल्टर’ उष्णतेने तडकतात. खोक्यात मिळाले तर फेकून द्या.

चष्मेवाल्यांनी दुकानात चकती नेत्रिकेपासून किती दूर पडते तेही विचारावं. याला आय रिलीफ म्हणतात. तो १५ मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त हवा, नाहीतर चष्म्याची काच मध्ये येते आणि बाहुली चकतीपर्यंत पोचत नाही. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला की भागतं. सिलिंड्रिकल नंबर मात्र फोकसने जात नाही. मोठ्या चकतीला चष्मा ठेवावाच लागतो. चकती एक-दीड मिलिमीटरची असली तर बाहुलीचा मधला ठिपकाच वापरला जातो, आणि तिथे हा दोष बहुतेकांना जाणवतही नाही.