पॅकेजमधल्या स्क्रिप्टला रूटचे अधिकार का मिळाले : पार्श्वभूमी

ऑपरेटिंग सिस्टमसाठी नवा पॅकेज इन्स्टॉलर आखायला घेतला की एका प्रश्नावर हमखास मतभेद होतात. पॅकेजने (सॉफ्टवेअरच्या फायलींच्या गठ्ठ्याने) फक्त फायली आणाव्यात, की बसताना स्वतःच्या स्क्रिप्टही (आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या याद्या) चालवाव्यात? या वादाचे मूळ १९९० च्या दशकातील एका निर्णयात आहे.

त्याआधी टार फाइल (अनेक फायली एकत्र बांधलेली फाइल) उलगडायची, सोर्स कंपाइल करायचा (मूळ कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायचा) आणि फायली जागच्या जागी टाकायच्या, हीच सर्वसाधारण रीत होती. काय कुठे गेले याची नोंद बहुधा राहत नसे. लिनक्सच्या जगात १९९३ ते १९९५ दरम्यान आलेल्या डीपीकेजी आणि आरपीएम या इन्स्टॉलरांनी ती नोंद चोख ठेवली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोजक्या शहरांत सार्वजनिक इंटरनेट सुरू झाले खरे, पण डायल-अपवरून पूर्ण सिस्टम उतरवणे परवडणारे नव्हते. त्यामुळे पुढची काही वर्षे इथल्या वापरकर्त्यांची भिस्त लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या आणि संगणक मासिकांसोबत येणाऱ्या सीडींवर होती. १९९८ मध्ये आलेल्या, डीपीकेजीसाठी पॅकेजे शोधून आणणाऱ्या ॲप्टने सीडीलाही रिपॉझिटरीचा (पॅकेजांच्या भांडाराचा) दर्जा दिला आणि हवी ती सीडी नावानिशी मागण्याची सोय केली, ही बाब अशा वापरकर्त्यांसाठी फार मोलाची होती.

स्क्रिप्टचा निर्णय मात्र याआधीच झालेला होता. सर्व्हर बसवला तर त्याच्यासाठी वेगळा युजर तयार करावा लागतो, लायब्ररी आली तर लिंकरची कॅशे (कोणती लायब्ररी कुठे आहे याची तयार यादी) नव्याने बांधावी लागते, सेवा सुरू करावी लागते. प्रत्येक गरजेसाठी इन्स्टॉलरमध्ये स्वतंत्र सोय करण्याऐवजी पॅकेज बांधणाऱ्यालाच चार स्क्रिप्ट लिहू द्याव्यात, फायली टाकण्यापूर्वी व नंतर आणि काढण्यापूर्वी व नंतर, असे ठरले. या स्क्रिप्ट रूट म्हणून, म्हणजे यंत्रावर काहीही करू शकणाऱ्या सर्वाधिकारी युजरच्या नावाने, चालतात आणि त्यांनी काय करू नये यावर इन्स्टॉलरचे काहीच नियंत्रण नसते. त्या वेळी सर्व पॅकेजे एकाच वितरणातील (तयार लिनक्स संचातील), एकमेकांना जबाबदार असलेल्या मंडळींच्या हातची असत, त्यामुळे हा विश्वास अनाठायी नव्हता. पण बाहेरचे विक्रेते आपापली पॅकेजे थेट देऊ लागल्यावरही अधिकार तेवढेच राहिले. तेव्हाच ते आवळायला हवे होते.

अपग्रेडच्या वेळी गुंता वाढतो. डीपीकेजीमध्ये जुन्या आवृत्तीच्या स्क्रिप्ट आधी आटोपतात आणि नव्या आवृत्तीची शेवटची स्क्रिप्ट त्यानंतर चालते. आरपीएममध्ये नव्या आवृत्तीचे सगळे झाल्यावर जुन्या आवृत्तीची ‘काढल्यानंतर’ची स्क्रिप्ट चालते. तिला आरपीएमकडून मिळणारा आकडा ० असेल तर पॅकेज कायमचे जात आहे आणि १ असेल तर केवळ अपग्रेड आहे, हे तपासायला लेखक विसरला, तर नुकतीच बसलेली नवी सेवा जुन्या पॅकेजच्या साफसफाईत बंद पडते. शिवाय स्क्रिप्ट मध्येच तुटली तर फायली मागे घेता येतात, पण तिने केलेले बदल मागे घेता येत नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, तेव्हा ज्याच्या डेस्कटॉपवर अपग्रेड चालू होते त्याची पॅकेजे ‘अर्धवट कॉन्फिगर’ अवस्थेत अडकणे शक्य होते. अशा वेळी उरलेल्या स्क्रिप्ट पुन्हा चालवाव्या लागतात. म्हणूनच दुसऱ्यांदा चालली तरी बिघाड होऊ नये अशीच स्क्रिप्ट लिहावी, असा डीपीकेजी वापरणाऱ्या डेबियन या वितरणाचा नियम आहे. मात्र तो पाळण्याची जबाबदारी लेखकाची आहे, इन्स्टॉलर त्याची खात्री देऊ शकत नाही.

पुढच्या सुधारणा स्क्रिप्टची गरजच कमी करण्याच्या दिशेने झाल्या. मराठी, गुजराती, तमिळ अशा भाषांची लोहित फॉन्ट-पॅकेजे एकदम बसवली की पूर्वी प्रत्येक पॅकेज स्वतःच्या स्क्रिप्टमधून फॉन्टची कॅशे बांधायला लावी आणि तेच काम पुन्हा पुन्हा होई. डीपीकेजीमध्ये ट्रिगर, म्हणजे ठरावीक फोल्डर बदलले की काम सुरू करणारी सोय, आल्यावर फॉन्ट शोधून देणाऱ्या फॉन्टकॉन्फिगचे पॅकेजच फॉन्टच्या फोल्डरवर लक्ष ठेवू लागले, आणि सर्व फॉन्ट बसल्यानंतर ते काम बहुधा एकदाच होऊ लागले. फायलींवरचे असे ट्रिगर आरपीएममध्ये २०१६ च्या सुमारास आले. युजर तयार करण्याचे काम सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या घोषणात्मक फायलींकडे गेले, म्हणजे पॅकेज ‘हा युजर हवा’ एवढेच सांगते आणि तो कसा तयार करायचा हे सिस्टम पाहते. पूर्ण सिस्टम एकसंध प्रतिमा म्हणून अपग्रेड करणारे आरपीएम-ओएसट्री स्क्रिप्ट चालवते, पण सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी सिस्टमपासून वेगळ्या केलेल्या जागेत. ॲप सिस्टमपासून वेगळे ठेवणाऱ्या फ्लॅटपॅकने तर ॲप बसवताना त्याची स्क्रिप्ट रूट म्हणून चालवण्याची वाटच ठेवलेली नाही.

तरीही काही कामे स्क्रिप्टशिवाय होत नाहीत. बाहेरून आलेला कर्नल मॉड्यूल (सिस्टमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडायचा भाग) नेमक्या कोणत्या कर्नलसाठी कंपाइल करायचा हे त्या यंत्रावरच कळते. त्यामुळे असे मॉड्यूल यंत्रावरच बांधणाऱ्या डीकेएमएसवर चालणारी पॅकेजे आजही बसताना स्क्रिप्टमधूनच कंपायलर चालवतात, आणि तेही रूटच्या अधिकाराने.