कॉन्स्टॅन्शिया: केपच्या जुन्या द्राक्षमळ्याची कुळकथा

दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या दक्षिणेला कॉन्स्टॅन्शियाबर्ग नावाचा डोंगर आहे. त्याच्या पूर्वेकडच्या उतारावर, फॉल्स बे उपसागराचा गार वारा येतो अशा जागी, ग्रूट कॉन्स्टॅन्शिया हा द्राक्षमळा आहे. तो १६८५ सालचा, आणि ‘१६८५ पासून अखंड’ अशी त्याची ओळख सांगितली जाते. देशातला हा सर्वांत जुना वाइनमळा मानला जातो. त्याचा इतिहास सांगताना डच गव्हर्नर, फ्रेंच सम्राट आणि इंग्रज ग्राहक हमखास येतात. या कथेत गोवा, बंगाल आणि मलबारही आहेत, ते मात्र बहुतेकदा तळटीपेत जातात. माझ्या मते ते मूळ मजकुरात यायला हवेत.

केप, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा हा प्रदेश. इथली वसाहत वाइनसाठी वसलेली नव्हती. युरोप आणि आशिया यांच्यात ये-जा करणाऱ्या जहाजांना ताजं अन्नपाणी मिळावं म्हणून डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये तिथे ठाणं उभारलं. ठाण्याचा प्रमुख यान व्हान रिबेक याने द्राक्षाच्या काड्या मागवून लावल्या. केपच्या द्राक्षांची पहिली वाइन निघाल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत २ फेब्रुवारी १६५९ या तारखेला आहे. हिवाळ्यात पाऊस आणि उन्हाळा कोरडा, असं तिथलं हवामान द्राक्षाला मानवणारं होतं. तरीही सुरुवातीच्या वाइनला फारशी पत नव्हती.

सिमॉन व्हान डर स्टेल १६७९ मध्ये केपचा प्रमुख म्हणून आला. त्याचा जन्म मॉरिशसचा, आणि त्याच्या आईची आई मोनिका ही गोव्याच्या किनाऱ्यावरून आलेली, गुलामगिरीतून सुटलेली स्त्री होती. १६८५ मध्ये कंपनीचा आयुक्त हेन्ड्रिक व्हान रीडे केपला आला, तेव्हा त्याने व्हान डर स्टेलला सुमारे ७६० हेक्टर जमीन बहाल केली. तीच ही कॉन्स्टॅन्शियाची जमीन. हा व्हान रीडे म्हणजे मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवणारा कोचीचा डच अधिकारी. पुढे कोचीहून सुरतेकडे जाताना १६९१ मध्ये तो समुद्रातच वारला. त्याची कबर सुरतेला आहे.

व्हान डर स्टेल १७१२ मध्ये वारला आणि जमिनीचे तीन भाग झाले. त्याचं घर ज्या भागात होतं, तो ग्रूट कॉन्स्टॅन्शियाचा भाग काही वर्षांत ओलोफ बर्ग या स्वीडिश कप्तानाने घेतला. त्याची बायको ॲना डी कोनिंग. ॲना ही अँजेला नावाच्या बंगाली गुलाम स्त्रीची मुलगी, आणि स्वतः लहानपणी गुलामच. १६६६ मध्ये मायलेकींना मुक्तता मिळाली. १७२४ मध्ये बर्ग वारल्यावर ॲना कॉन्स्टॅन्शियाची मालकीण झाली आणि १७३४ मध्ये मरेपर्यंत ती तिथेच राहिली. या घराण्याच्या मालकीचेही गुलाम होते, हेही सांगायला हवं. त्या काळच्या केपमध्ये जमीन राखणं म्हणजे माणसं राखणं, आणि त्या रीतीतून सुटून आलेली स्त्रीही त्याच रीतीने मालकीण झाली. कॉन्स्टॅन्शियाच्या इतिहासात मला या एका आयुष्याइतकं अस्वस्थ करणारं दुसरं काही आढळलेलं नाही.

१८०८ पर्यंतच्या दीडशे वर्षांत केपमध्ये सुमारे ६३ हजार माणसं गुलाम म्हणून आणली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतली साधारण एक चतुर्थांश भारतातून आलेली, बाकीची मादागास्कर, आफ्रिकेचा पूर्व किनारा आणि इंडोनेशियाची बेटं इथली. त्यांच्या नावांपुढे ‘व्हान बेंगाले’, ‘व्हान मलाबार’ असं लिहीत. जिथून उचललं, ते गावच आडनाव झालं. काड्या लावणं, छाटणी, तोडणी, द्राक्षं तुडवणं, पिंपं वाहणं ही कामं हेच लोक करत. कॉन्स्टॅन्शियाची वाइन गोड म्हणून गाजली. द्राक्षं वेलीवरच सुकून जवळपास बेदाणा होईपर्यंत ठेवायची आणि मग तोडायची. रस थोडा निघे, पण साखर भरपूर. असं काम सवडीने आणि निवडून करावं लागतं, त्याला हात पुष्कळ लागतात.

ही वाइन अठराव्या शतकात युरोपात पोचलेलीच होती. १७७८ मध्ये हेन्ड्रिक क्लूटे याने मळा घेतला आणि तिला मोठं नाव मिळवून दिलं. त्याने वेली नव्याने लावल्या, घर दुरुस्त केलं आणि १७९१ मध्ये नवं वाइनघर बांधलं. वाइनघराच्या दर्शनी त्रिकोणावर आंटोन आनराइथ या शिल्पकाराने ग्रीक पुराणकथेतला गॅनिमीड आणि गरुड कोरले आहेत. सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेल्या नेपोलियनसाठी कॉन्स्टॅन्शियाची वाइन मागवली जात असे. विकणाऱ्यांच्या तोंडी ही गोष्ट आजही असते.

पुढे घसरण आली. केप ब्रिटिशांकडे गेल्यावर तिथल्या वाइनला ब्रिटनमध्ये जकातीची सवलत होती. ती आधी कमी झाली आणि १८६० च्या ब्रिटन-फ्रान्स करारानंतर संपली. आता फ्रेंच वाइनशी गाठ सरळ पडली. त्याआधीच, १ डिसेंबर १८३४ रोजी, गुलामगिरी कायद्याने संपली, पण ‘उमेदवारी’च्या नावाखाली माणसांना आणखी चार वर्षं त्याच मालकांकडे बांधून ठेवलं गेलं. १८५९ मध्ये वेलींवर भुरी हा बुरशीचा रोग आला. क्लूटे घराणं कर्जात बुडालं आणि १८८५ मध्ये केप सरकारने मळा विकत घेतला. तिथे द्राक्षशेतीचे प्रयोग आणि प्रशिक्षण चालावं, असा त्यामागचा हेतू होता. पुढच्याच वर्षी केपमध्ये मुळं खाणारी फायलोक्सेरा कीड सापडली. तिच्यावर फवारणी चालत नाही. जुन्या वेली काढायच्या आणि ही कीड सोसणाऱ्या अमेरिकी वेलींच्या खुंटावर, म्हणजे मुळांकडच्या भागावर, कलम बांधून पुन्हा लावायच्या, एवढाच उपाय. डिसेंबर १९२५ मध्ये घर आगीत जळालं. आज दिसतं ते त्यानंतर पुन्हा उभं केलेलं घर, आता संग्रहालय आहे.

म्हणून ‘१६८५ पासून अखंड’ हे शब्द मी जपून वाचतो. जमीन तीच आहे, मात्र वेलींच्या मुळाशी अमेरिकी खुंट आहेत, आणि ज्या गोड वाइनने नाव झालं ती तर जवळपास शतकभर बनतच नव्हती. तिचं पुनरुज्जीवन शेजारी झालं. मूळ मळ्यातून एकोणिसाव्या शतकात वेगळा निघालेला क्लाइन कॉन्स्टॅन्शिया १९८० मध्ये डगी योस्टे यांनी घेतला. तिथे मस्कट द फ्राँतिन्याँ ही बारीक दाण्याची सुवासिक जात पुन्हा लावली गेली. जुन्या पद्धतीच्या गोड वाइनचा पहिला हंगाम १९८६ चा. ग्रूट कॉन्स्टॅन्शिया १९९३ पासून एका विश्वस्त संस्थेकडे आहे. आता तिथल्या प्रदर्शनात गुलामगिरीचा इतिहासही मांडलेला आहे. वाइन चाखायला जाणाऱ्याने तिथे आधी जावं.