कॅली म्हणायचं की थिसल? इन्व्हर्नेसच्या घसरणीची पार्श्वभूमी

मे २०२४ मध्ये हॅमिल्टनने दोन सामन्यांत मिळून ५-३ असं हरवलं आणि स्कॉटलंडच्या उत्तरेतल्या इन्व्हर्नेस गावाचा क्लब, इन्व्हर्नेस कॅलेडोनियन थिसल, स्कॉटिश फुटबॉलच्या तिसऱ्या स्तरावर उतरला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. पण इन्व्हर्नेसकरांचा संताप झाला तो त्या निकालावर नव्हे. त्याच सुमारास व्यवस्थापनाने ठरवलं की पुढच्या हंगामापासून संघाचा सराव फाइफमधल्या केल्टी गावात होईल. म्हणजे घरापासून दोनशे किलोमीटरहून दूर. हिशेब साधा होता: बरेचसे खेळाडू ग्लासगो-एडिंबराच्या पट्ट्यात राहतात, त्यांना उत्तरेत आणून ठेवणं महाग पडतं. खेळाडू खाली राहतील, तिथेच सराव करतील आणि सामन्यापुरते वर येतील. कागदावर पैसा वाचत होता. गावात मात्र एकच सवाल होता: मग आमचं म्हणून उरलं काय?

त्या उन्हाळ्यात योजना गुंडाळावी लागली आणि वरची माणसंही पायउतार झाली. हा सवाल मात्र केल्टीने जन्माला घातलेला नाही. क्लबच्या जन्मापासून तो त्याला चिकटलेला आहे.

तसं पाहिलं तर इन्व्हर्नेसमध्ये फुटबॉल जुना. कॅलेडोनियन, थिसल आणि क्लॅकनाकडिन (थोडक्यात क्लॅक) हे तिन्ही संघ १८८५ चे. १८९३ साली उत्तरेतल्या क्लबांची हायलँड लीग सुरू झाली आणि पहिलंच विजेतेपद थिसलने पटकावलं. पुढची शंभर वर्षं या मंडळींचं जग तेवढंच होतं. दक्षिणेतल्या क्लबांना डोंगर ओलांडून एवढ्या लांब यायचं नव्हतं. १९७४ साली राष्ट्रीय लीगमध्ये एक जागा निघाली, तेव्हा इन्व्हर्नेस थिसलने अर्ज केला. मतदानात ती जागा गेली एडिंबरातल्या एका कारखान्याच्या कामगार संघाला. हा कामगार संघ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९३ मध्ये लीगने दोन क्लब वाढवून चार गटांत दहा-दहा क्लब अशी रचना करायचं ठरवलं. इन्व्हर्नेसला संधी होती, पण तीन संघांनी एकमेकांच्या पायात पाय घातले तर एकालाही जागा मिळणार नाही हे उघड होतं. सरकारी पैसा देऊ शकणाऱ्यांचाही आग्रह होता की गावाकडून एकच अर्ज यावा. क्लॅक बाजूला राहिला आणि तो आजही हायलँड लीगमध्येच खेळतो. उरलेल्या दोघांनी एकत्र यायचं ठरवलं. जानेवारी १९९४ मध्ये जागा मिळाली. दुसरी जागा शेजारच्या डिंगवॉलच्या रॉस काउंटीला गेली.

वाचायला सोपं वाटतं, पण 'एकत्र आले' हे क्रियापदच वादग्रस्त आहे. कॅलेडोनियनचे लोक म्हणायचे, आम्ही मोठे, आमचे चषक जास्त, आमचं मैदान चांगलं, मग आम्ही एकटेच का नाही? त्यांच्यातल्या बंडखोरांनी सभा उधळण्यापर्यंत मजल नेली आणि कित्येकांनी नव्या संघाचा सामना पुढे कधी पाहिलाच नाही. थिसलवाल्यांचं दुखणं वेगळं. त्यांना विलीनीकरण मान्य होतं, पण हाती काय आलं? पहिली दोन वर्षं सामने झाले कॅलेडोनियनच्या टेलफर्ड स्ट्रीट मैदानावर. शर्टाचा मुख्य रंग कॅलेडोनियनचा निळा, थिसलचा लाल-काळा कडेकडेला. नावातही कॅलेडोनियन आधी, थिसल मागून. लग्न म्हणून बोलावलं आणि दत्तक घेतलं, अशातला प्रकार. माझ्या मते त्यांची तक्रार अधिक खरी आहे, फक्त ती कमी आवाजात केली गेली.

नावाचा गुंता इथेच संपत नाही. १९९४ मध्ये क्लबचं नाव होतं नुसतं 'कॅलेडोनियन थिसल'. त्यात 'इन्व्हर्नेस' हा शब्दच नव्हता! दोन्ही गटांना आपापला शब्द राखायचा होता, त्या भांडणात गावाचं नाव राहून गेलं असावं. ते जोडलं गेलं १९९६ मध्ये, आणि तेही चाहत्यांच्या मागणीवरून नव्हे. नव्या स्टेडियमला पैसा देणाऱ्या स्थानिक परिषदेने आणि विकास संस्थेने तसं सांगितलं म्हणून. त्यामुळे लांबलचक नाव तयार झालं आणि ते कसं तोडायचं यावरून माणूस ओळखता येऊ लागला. 'कॅली' म्हणणारा बहुधा जुन्या कॅलेडोनियन घरातला, नाहीतर थेट दक्षिणेतला पत्रकार. जुना थिसलवाला 'कॅली थिसल' असं पूर्णच म्हणणार, आणि समोरच्याने नुसतं 'कॅली' म्हटलं की 'थिसल' पुरवून देणार. नव्वदीनंतर जन्मलेल्यांना या सगळ्याचा पत्ताच नाही. त्यांच्यासाठी 'आयसीटी', म्हणजे नावाची इंग्रजी आद्याक्षरं, विषय संपला. आज टेलफर्ड स्ट्रीटवर दुकानांचं संकुल आहे आणि थिसलच्या किंग्जमिल्स मैदानावर घरं.

मैदानावर मात्र या भांडखोर कुटुंबाने कमाल केली. पहिल्याच लीग सामन्यात आर्ब्रोथला ५-२ हरवलं. नोव्हेंबर १९९६ मध्ये संघ खाडीकाठच्या कॅलेडोनियन स्टेडियमवर गेला. डोक्यावर केसॉक पूल, बाजूला पाणी आणि गोलकीपरची किक परत फिरवणारा वारा. फेब्रुवारी २००० मध्ये बलाढ्य सेल्टिकला त्यांच्याच घरी ३-१ ने हरवलं, त्यात सेल्टिकच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली. जगाला हा क्लब माहीत आहे तो त्या रात्रीच्या निकालामुळे आणि दुसऱ्या दिवशीच्या एका टॅब्लॉइडच्या मथळ्यामुळे.

२००४ मध्ये पहिल्या स्तराचं दार उघडलं आणि उंबऱ्यावर नियम आडवा आला: किमान दहा हजार खुर्च्या. अर्ध्या लाखाच्या आसपास वस्तीच्या गावाला दहा हजार खुर्च्या कशाला, हे विचारायची सोय नव्हती. आदल्याच वर्षी फॉलकर्कला याच नियमाने खाली अडकवलं होतं. इन्व्हर्नेसने तोडगा काढला, घरचे सामने अ‍ॅबर्डीनच्या पिटोड्री मैदानावर खेळायचे. वरच्या क्लबांनी आधी नकार दिला, मग फेरमतदानात मान्यता दिली. पहिल्या स्तराच्या तळाला आलेला ग्लासगोचा पार्टिक थिसल हा वेगळाच क्लब त्यामुळे खाली जाणार होता; त्यांनी कायद्याची वाट धरून पाहिली, पण त्यांना खाली जावंच लागलं. 'घरच्या' सामन्याला एकशे सत्तर किलोमीटर. पहाटे नव्हे, पण सकाळीच निघायचं, ए-९६ रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे रांगायचं, नव्वद मिनिटं खेळ पाहायचा आणि अंधारात परतायचं. लोकांनी हे केलं, कारण ते वर जाण्यासाठी होतं. पुढे अट सहा हजारांवर आली, दोन स्टँड घाईघाईने उभे राहिले आणि जानेवारी २००५ मध्ये संघ घरी परतला. केल्टीच्या वादात व्यवस्थापनाच्या बाजूचे लोक पिटोड्रीचा दाखला द्यायचे. तो गैरलागू आहे. पिटोड्रीला सामने गेले होते, संघ नव्हे. शिवाय ती सोय तात्पुरती होती.

नंतरचं भराभर सांगतो. २००९ मध्ये शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर फॉलकर्ककडून हरून खाली, वर्षभरात परत वर. २०१५ मध्ये लीगमध्ये तिसरा क्रमांक आणि ग्लासगोतल्या हॅम्पडन मैदानावर फॉलकर्कलाच २-१ हरवून स्कॉटिश कप. दहा खेळाडूंवर आलेल्या संघाने ८६ व्या मिनिटाला गोल केला होता. तो कळस. पुढचे दोन हंगाम माणसं जात राहिली. मे २०१७ मध्ये अखेरच्या दिवशी मदरवेलला ३-२ हरवूनही संघ खाली गेला, कारण तिकडे हॅमिल्टनने डंडीला चार गोल मारले.

या काळात रॉस काउंटीचं काय? डिंगवॉलची वस्ती साडेपाच हजारांच्या आसपास, स्टेडियम त्याहून मोठं. शतकभराची खरी चुरस होती कॅलेडोनियन-थिसल-क्लॅक यांच्यात. विलीनीकरणाने ती एका फटक्यात संपवली आणि रिकाम्या जागेवर 'हायलँड डर्बी', म्हणजे या दोन शेजारी क्लबांची लढत, आली. बावीस-तेवीस किलोमीटर, केसॉक पूल ओलांडला की आलंच. सुरुवातीला इन्व्हर्नेसवाले त्यांना 'खेड्यातले' म्हणून हसायचे. २०१२ मध्ये काउंटी वर आला, २०१६ मध्ये लीग कप घेऊन गेला. त्यांच्यामागे एक श्रीमंत मालक ठामपणे उभा होता. इकडे पैसा घालणारे बदलत होते. हसणं तेव्हापासून बंद झालं.

२०१७ नंतर दुसऱ्या स्तरावरही इन्व्हर्नेस लगेच कोसळला नाही, हे विसरलं जातं. २०२२ मध्ये बढतीच्या प्लेऑफमध्ये सेंट जॉनस्टनने रोखलं. जून २०२३ मध्ये स्कॉटिश कपची अंतिम फेरी, सेल्टिककडून १-३. पण तोटा साचत होता आणि तो भरायला क्लबची आशा होती विजेच्या बॅटरी साठवणुकीच्या एका प्रकल्पावर. फुटबॉल क्लब आणि बॅटऱ्या! गावाच्या कडेला तो उभारायचा, परवानगी मिळाली की विकायचा, असा बेत. परवानगी आधी समितीत मिळाली, मग पूर्ण परिषदेने फिरवली. त्यानंतर केल्टी आणि मग ऑक्टोबर २०२४ मध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. हा शब्द आपल्याकडे 'दिवाळं' असा भाषांतरित होतो, ते चुकतं. सहकारी बँकेवर प्रशासक बसतो, तसं समजा: कारभार काढून घेतला, पण दार बंद केलं नाही. लगेच १५ गुण कापले गेले, प्रशिक्षकाला घरी पाठवलं गेलं. क्लबमधल्याच माणसाच्या हाताखाली उरलेल्या संघाने तो खड्डा भरून काढला आणि तिसरा स्तर राखला. २०२५ मध्ये एका स्थानिक हॉटेल व्यावसायिकाने क्लब सोडवून घेतला. मैदानावरचा तो हंगाम मला २०१५ च्या कपाइतकाच मोलाचा वाटतो.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात रॉस काउंटीही पहिल्या स्तरावरून खाली आला. प्लेऑफच्या दुसऱ्या सामन्यात घरच्या मैदानावर दोन गोलांची आघाडी घेऊन ४-२ हरला, एकूण ५-३. इन्व्हर्नेसला आदल्या वर्षी लागला होता तोच आकडा. हरवणारा संघ लिव्हिंगस्टन. १९७४ मध्ये थिसलच्या हातून जागा नेणारा एडिंबराचा तो कामगार संघ म्हणजे हाच. त्याने १९९५ मध्ये गाव बदललं, नाव बदललं आणि नावातला 'थिसल' शब्दही टाकून दिला.