विल्सन, जेम्स

विल्सन, जेम्स : (१४ सप्टेंबर १७४२–२१ ऑगस्ट १७९८). अमेरिकन वकील, संविधानकार आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या न्यायाधीशांपैकी एक. स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि संविधान या दोन्हींवर सह्या करणाऱ्या सहा जणांत त्याचा समावेश होतो. त्याच्या कामाच्या मानाने त्याचे नाव फारच थोड्यांना माहीत आहे.

त्याचा जन्म स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शिकून तो १७६५ च्या सुमारास फिलाडेल्फियाला आला आणि जॉन डिकिन्सनच्या हाताखाली कायदा शिकला. पुढे पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे वकिलीत त्याचा चांगला जम बसला. अमेरिकेतील वसाहतींचा एकही प्रतिनिधी नसलेल्या ब्रिटिश संसदेला त्यांच्यासाठी कायदे करण्याचा अधिकारच नाही, असे त्याने १७७४ च्या पुस्तिकेत मांडले आणि त्यातूनच तो राजकारणात ओढला गेला.

सत्तेचे मूळ जनतेत आहे, हे त्याचे ठाम मत होते. जनतेशी त्याचे प्रत्यक्ष नाते मात्र बिकट राहिले. देशद्रोहाचा आरोप असलेल्यांचे वकीलपत्र त्याने घेतले, शिवाय भाववाढीने लोक गांजलेले होते. ४ ऑक्टोबर १७७९ रोजी नागरी सैनिकांच्या चिडलेल्या जमावाने फिलाडेल्फियातील त्याच्या घरावर चाल केली. विल्सन मित्रांसह आत अडकला. गोळीबारात दोन्ही बाजूंची माणसे मेली. घोडदळ आल्यावर जमाव पांगला.

एवढे होऊनही १७८७ च्या संविधान परिषदेत लोकांच्या थेट मतदानासाठी सर्वांत सातत्याने तोच बोलला. देशाचा कार्यकारी प्रमुख एकच व्यक्ती असावी, हा प्रस्ताव त्याने मांडला तेव्हा सभागृह काही वेळ गप्पच राहिले. तो प्रस्ताव मान्य झाला. राष्ट्राध्यक्षाच्या थेट निवडीला पाठिंबा मिळेना, तेव्हा लोकांनी निवडलेल्या निर्वाचकांनी राष्ट्राध्यक्ष निवडावा, अशी योजना त्याने सुचवली. तीही त्या वेळी नाकारली गेली, पण अखेर तिच्याशी मिळतीजुळती पद्धतच स्वीकारली गेली. सिनेट या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची थेट निवड व्हायला तर १९१३ साल उजाडले. मसुदा लिहिणाऱ्या पाच जणांच्या समितीतही तो होता. राज्याचे प्रतिनिधी ठरवताना गुलामांची तीन-पंचमांश गणना करण्याचा, म्हणजे पाच गुलाम तीन माणसांबरोबर धरण्याचा, प्रस्तावही त्यानेच मांडला. गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांना राजी करण्यासाठी केलेली ही तडजोड त्याच्या लोकसत्तेच्या तत्त्वाला सरळ छेद देणारी होती, आणि तिचा दोष त्याच्याकडे जातोच.

१७८९ मध्ये वॉशिंग्टनने त्याला न्यायाधीश नेमले. चिझम विरुद्ध जॉर्जिया (१७९३) या खटल्यात, नागरिक राज्यावर दावा लावू शकतो, असा कौल त्याने दिला. राज्ये बिथरली आणि अकराव्या घटनादुरुस्तीने तो निकाल निष्प्रभ केला.

पश्चिमेकडील जमिनींच्या सट्ट्यात त्याने कर्ज काढून प्रचंड पैसा गुंतवला होता. १७९६-९७ च्या मंदीत सारे कोसळले. न्यायाधीशपदावर असतानाच कर्जापायी त्याला न्यू जर्सीतील बर्लिंग्टन येथे तुरुंगात जावे लागले. पुढे नॉर्थ कॅरोलायनातही तीच वेळ आली. तेथेच, ईडन्टन गावी, तो मरण पावला. त्याची कायद्यावरील व्याख्याने मुलगा बर्ड विल्सन याने १८०४ मध्ये प्रसिद्ध केली.