रापणीची हाक आणि प्रकाशाचा ठोका

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना कधी पाहिलीय? समुद्रात अर्धवर्तुळ करून टाकलेलं जाळं, त्याचे दोन दोर आणि दोन्हीकडे दोराला लागलेली माणसं. जो तो आपल्या वेळेला ओढू लागला तर दोर नुसता थरथरतो. मग कुणीतरी "हैस्सा!" करतो, सगळ्यांचे हिसके एका क्षणी पडतात आणि जाळं हातभर पुढे येतं. माणसं तीच, ताकदही तीच.

लेसरमध्ये हेच घडवायचं असतं. त्याच्या दोन आरशांमध्ये किंचित वेगळ्या रंगांच्या अनेक लहरी एकाच वेळी ये-जा करतात. ज्याची त्याची लय निराळी असेल तर बाहेर सलग, अस्थिर उजेड पडतो. सगळ्यांचे माथे जुळले की एक प्रखर ठोका उमटतो, मग अंधार, मग पुन्हा ठोका. याला मोड-लॉकिंग म्हणतात. हा ठोका एका पिकोसेकंदाचाही असू शकतो, म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. तेवढ्यात प्रकाश जेमतेम ०.३ मिलिमीटर सरकतो.

पण इथे हाक देणार कोण? इतक्या चपळाईनं उघडमीट करणं कुठल्याही यांत्रिक झडपेच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून ते काम प्रकाशाकडेच सोपवतात. या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट मला हीच वाटते.

भरतीच्या वेळी कोरड्या वाळूवर आलेली लहान लाट जागीच जिरते. मोठी आली की वाळूचं पोट भरतं आणि उरलेलं पाणी फेसाळत माघारी जातं. भौतिकशास्त्रज्ञ उर्सुला केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अर्धवाहकाचा असाच आरसा लेसरमध्ये बसवला. पुढे तो 'सेसॅम' नावानं ओळखला जाऊ लागला. खाली गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम आर्सेनाइडचे एकाआड एक थर, तो आरसा. त्यावर प्रकाश पिणारा थर, बऱ्याचदा अवघा १० नॅनोमीटर जाडीचा. मंद उजेड पडला तर तिथले इलेक्ट्रॉन तो गिळून वरच्या पातळीवर जातात. प्रखर ठोका आला की वरच्या जागा भरून जातात आणि उरलेला प्रकाश आरशावरून परत फिरतो. दर फेरीला मंद उजेड मार खातो, ठोका तगतो.

पुढच्या लाटेआधी वाळू सुकायला हवी. त्यासाठी हा थर मुद्दाम कमी तापमानाला वाढवतात. त्यामुळे स्फटिकात दोष राहतात आणि ते इलेक्ट्रॉनांना पिकोसेकंदांत पकडून जागा रिकामी करतात. एरवी नको असलेला दोष इथे कामाला येतो!

ठोके जितके आखूड, तितके एका सेकंदात जास्त मावतात, म्हणून दूरसंचाराला त्यांची ओढ. अडचण अशी की आखूड ठोक्यात रंगांचा पट्टा रुंद असतो आणि काचेत प्रत्येक रंगाचा वेग वेगळा. कोकण रेल्वेच्या रुळांशेजारून फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारा काचेचा तंतू, गेलंय. साध्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरचा एक पिकोसेकंदाचा ठोका सोडला, तर फलाटापासून किलोमीटरभर जाईपर्यंतच तो दहापटींहून जास्त पसरेल. मागे पडलेल्या रंगांना पुढे काढणारं, उलट गुणाचं फायबर जोडून ते सावरता येतं.

पण मला यापेक्षा दुसरी वाट जास्त आशेची वाटते. इंडियम फॉस्फाइडच्या एकाच चिपवर प्रकाश वाढवणारा आणि पिणारा असे दोन्ही भाग बसतात. चिप एक मिलिमीटर लांब असेल तर सेकंदाला सुमारे ४० अब्ज ठोके पडतात, आणि शेजारच्या दोन रंगांच्या कंपनसंख्येत नेमकं तेवढंच, सुमारे ४० गिगाहर्ट्झचं (सेकंदाला ४० अब्ज कंपनांचं) अंतर राहतं. मग एकेक रंग सुटा करायचा, त्यावर वेगळी माहिती चढवायची आणि सगळे पुन्हा केसाएवढ्या एकाच तंतूत सोडायचे.