नेट नसलेला संगणक : एका समजाची पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकानात, पतसंस्थेच्या शाखेत किंवा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आजही एखादा संगणक असा आढळतो, की ज्याला इंटरनेट मुद्दामच दिलेले नसते. ‘याला नेटच नाही, मग व्हायरस येणार कुठून?’ असे त्यावर काम करणारा सहज सांगून जातो. हा समज चुकीचा असला, तरी तो उगाच रुजलेला नाही.

वास्तविक व्हायरस इंटरनेटच्या आधीचा. १९८२ मध्ये रिच स्क्रेंटा या अमेरिकेतील शाळकरी मुलाने ॲपल-२ संगणकासाठी गंमत म्हणून लिहिलेला ‘एल्क क्लोनर’ फ्लॉपीवरून पसरला, आणि १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांचा ‘ब्रेन’ही फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, बसूनच देशोदेशी पोचला. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे त्यापूर्वी आपल्याकडे लागण झालेला जवळजवळ प्रत्येक संगणक नेटविनाच होता. पुढे मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ या ईमेलने जगभर धुमाकूळ घातला आणि व्हायरस वायरीतून येतो हे लोकांच्या मनात पक्के बसले. फ्लॉपीचा धडा मात्र विसरला गेला.

तो पेनड्राइव्हने पुन्हा गिरवायला लावला. विंडोज एक्सपीमध्ये पेनड्राइव्ह जोडताच त्यातील ‘ऑटोरन’ ही प्रोग्रॅम आपोआप सुरू करणारी फाइल वाचली जाई, आणि लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन डीटीपीच्या दुकानात गेलेला पेनड्राइव्ह परत येताना सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून येई. हा अनुभव त्या काळात ज्याला आला नसेल असा माणूस विरळा. मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधील ही सोय अपडेटद्वारे बंद केली ती २०११ मध्ये. पण जो संगणक नेटला जोडलेलाच नाही, त्याच्यापर्यंत ते अपडेट कोण नेणार होते?

हाच प्रश्न मोठ्या यंत्रणांनाही सुटला नव्हता. २००८ मध्ये मध्यपूर्वेतील अमेरिकी लष्करी तळावर एका लॅपटॉपला जोडलेल्या पेनड्राइव्हमधून शिरलेला प्रोग्रॅम गोपनीय जाळ्यापर्यंत गेला, आणि लष्कराला काही काळ पेनड्राइव्हवरच बंदी घालावी लागली. २०१० च्या जूनमध्ये बेलारूसमधील एका अँटिव्हायरस कंपनीला सापडलेला ‘स्टक्सनेट’ तर अशा अलिप्त जागेसाठीच घडवलेला होता. इराणच्या नतान्झ येथील युरेनियम समृद्धीकरण केंद्रातील सेंट्रिफ्यूजांचा (अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रांचा) वेग तो बिघडवी आणि पडद्यावर मात्र सारे सुरळीत असल्याचे आकडे दाखवी. इराणखालोखाल तो इंडोनेशिया आणि भारतातील संगणकांत आढळला. आपल्याकडे त्याने यंत्रे मोडली नाहीत, कारण त्याला हवी असलेली नेमकी जुळणी इथे नव्हती; आत शिरण्यापासून त्याला अडवले होते, असे मात्र नव्हे.

इस्रायलच्या बेन गुरियन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ पासून पंख्याचा आवाज, उष्णता आणि हार्ड डिस्कच्या दिव्याची उघडझाप यांतूनही अलिप्त संगणकातील माहिती बाहेर काढून दाखवली. हे प्रयोग वाचायला रंजक आहेत, पण त्यासाठीही आधी कोणीतरी आत प्रोग्रॅम नेऊन ठेवावा लागतो. हळदीच्या सौद्यांच्या नोंदींवर कोणी इतके कष्ट घेईल असे वाटत नाही.

त्यापेक्षा मे २०१७ मधील, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा ‘वॉनाक्राय’ आपल्या अधिक जवळचा. हा प्रोग्रॅम सुरू होताना एक ठरावीक वेबपत्ता तपासे आणि उत्तर आले तर थांबे. एका संशोधकाने तो पत्ता नोंदवल्यावर जगभरची साथ मंदावली. मात्र आपसात जोडलेल्या, पण बाहेर जाण्याची वाट नसलेल्या संगणकांवर तो पोचलाच, तर त्यांना हे उत्तर मिळणे शक्य नव्हते, आणि त्याला रोखणारे मार्चमधील अपडेटही अशाच ठिकाणी बहुधा राहून गेलेले असे.

पेनड्राइव्हच बंद करावा, हा उपाय लगेच सुचतो. मग बॅकअपही बाहेर जात नाही, किंवा गेलाच तर त्याच टेबलाच्या खणात राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले आणि शहरातील बाजारपेठेत शिरले, तेव्हा संगणक आणि खण यांच्यात त्याने फरक केला नाही.