प्रेशर अल्टिट्यूड की डेन्सिटी अल्टिट्यूड? वाळवंटात लहान विमान नेण्याआधी

एप्रिलमधली दुपार. बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर सेसना १७२ उभं आहे, तापमान ३६ अंश, आणि समजा क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबाने सांगितलेला हवेचा दाब, १००८ हेक्टोपास्कल आहे. विमान जमिनीवरून हललेलं नाही, तरी त्याच्या उंचीचे तीन आकडे सांगता येतात. समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फूट, हा पहिला. प्रेशर अल्टिट्यूड २६५० फूट, हा दुसरा. डेन्सिटी अल्टिट्यूड जवळपास ५८०० फूट, हा तिसरा. पहिल्याबद्दल कुणाचा गोंधळ होत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्याची मात्र सतत अदलाबदल होते. दोन्हींच्या नावात ‘अल्टिट्यूड’ आहे, दोन्ही फुटांत मोजतात आणि दोन्ही एकाच हिशेबात लागोपाठ येतात, हे त्याचं कारण.

सांबऱ्यात ही चूक खपून जाते. रनवे दोन किलोमीटरपेक्षा लांब आहे, लहान विमानाला तो कधी पुरला नाही असं होत नाही. पण इथे शिकलेली मुलं पुढे अमेरिकेत उड्डाणाचे तास भरायला जातात, किंवा भारतीय लायसन्सच्या आधारावर तिथलं खासगी उड्डाणाचं प्रमाणपत्र घेऊन सुट्टीत विमान भाड्याने घेतात आणि डेथ व्हॅली, सेडोना, ग्रँड कॅनियन अशा ठिकाणी सकाळी जाऊन संध्याकाळी परततात. तिथे ही अदलाबदल पचत नाही.

प्रेशर अल्टिट्यूड: फक्त दाबाचा आकडा

अल्टिमीटर हे मुळात दाब मोजणारं यंत्र. त्याच्या छोट्या खिडकीत १०१३ हेक्टोपास्कल लावलं की काटा जे दाखवेल ते प्रेशर अल्टिट्यूड. त्यात तापमानाचा संबंध नाही. हाताने काढायचं तर १०१३ मधून क्यूएनएच वजा करा, ३० ने गुणा आणि मैदानाच्या उंचीत मिळवा. वरच्या उदाहरणात फरक ५, म्हणजे १५० फूट. २५०० अधिक १५०, झाले २६५०. क्यूएनएच १०१३ पेक्षा जास्त असेल तर हाच फरक वजा होतो.

अमेरिकेत दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात. तिथे १०१३ च्या जागी २९.९२ येतं आणि एक इंच म्हणजे साधारण १००० फूट. हेक्टोपास्कलवर वाढलेल्या माणसाचा इथे हात घसरतो. २९.१२ आणि २९.९२ कानाला जवळजवळ सारखेच वाटतात, पण काट्यावर त्यांच्यात ८०० फुटांचं अंतर आहे.

जमिनीवर प्रेशर अल्टिट्यूड वाचण्यासाठी घुंडी फिरवली, तर वाचून झाल्याबरोबर क्यूएनएच परत लावा आणि काटा मैदानाच्या उंचीवर आला का ते बघा. खिडकीत १०१३ तसंच राहिलं आणि खरं क्यूएनएच १००८ असेल, तर काटा १५० फूट जास्त दाखवतो. म्हणजे तुम्ही समजता त्यापेक्षा १५० फूट खाली उडत असता.

हा आकडा लागतो कुठे? विमानांना एकमेकांपासून दूर ठेवायला. उंचावरच्या विमानांना नेमून दिलेली फ्लाइट लेव्हल म्हणजे प्रेशर अल्टिट्यूडच. रडारला विमानाची उंची कळवणारा ट्रान्सपॉन्डरही तोच पाठवतो, खिडकीत तुम्ही काहीही लावलेलं असो. अमेरिकेतला ऑक्सिजनचा नियमही केबिनमधल्या प्रेशर अल्टिट्यूडवर बेतलेला आहे: १२,५०० ते १४,००० फुटांच्या दरम्यान ३० मिनिटांहून जास्त वेळ राहायचं असेल तर चालकाला ऑक्सिजन हवा. आणि विमानाच्या हँडबुकातल्या बहुतेक टेबलांत पहिलं पाऊल याच आकड्याने टाकायचं असतं.

डेन्सिटी अल्टिट्यूड: माप तेच, वजन कमी

रविवार पेठेत एक पायली तांदूळ आणि एक पायली चुरमुरे घेतले, तर माप एकच आणि वजनात जमीन-अस्मानाचा फरक. इंजिन हवा पायलीने घेतं. प्रत्येक फेऱ्याला सिलिंडरमध्ये तेवढीच जागा भरते, पण ताकद मिळते ती त्या जागेत मावलेल्या हवेच्या वजनातून. पंख्याचं आणि पंखांचंही तसंच. हवा तापली की फुगते, पायलीत चुरमुरे येतात. विमानाला ती हवा किती उंचीवरची वाटते, त्या उंचीला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणायचं.

आता हिशेब. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश धरतात आणि दर १००० फुटांना २ अंश कमी करतात. २६५० फुटांवर प्रमाण तापमान ९.७ अंश. प्रत्यक्षात ३६ अंश आहेत, म्हणजे २६.३ अंश जास्त. दर जास्तीच्या अंशाला १२० फूट, म्हणजे ३१५६ फूट. ते प्रेशर अल्टिट्यूडमध्ये मिळवले की ५८०६. क्रम लक्षात घ्या: डेन्सिटीचा आकडा प्रेशरच्या आकड्यावर उभा राहतो. मैदानाच्या उंचीवर थेट तापमान चढवलं तर दाबाचा भाग सुटतो.

त्याच सांबऱ्यात डिसेंबरच्या सकाळी १५ अंश आणि क्यूएनएच १०१५ असेल, तर डेन्सिटी अल्टिट्यूड जेमतेम ३००० फूट भरतं. मैदान तेच, विमान तेच, आणि फरक २८०० फुटांचा.

पावसाळ्यात आपल्याकडे आणखी एक गोष्ट जोडावी लागते. जुलैतल्या कोंदट हवेला आपण ‘जड’ म्हणतो, पण पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. २५ अंशांची भिजलेली हवा डेन्सिटी अल्टिट्यूडमध्ये साधारण चारशे फूट भर घालते, आणि वरच्या सूत्रात ती धरलेली नाही. वाळवंटात हवा इतकी कोरडी असते की हीच भर शंभर फुटांच्या आत राहते. बेळगाव-खानापूरच्या पावसात हिशेब करणाऱ्याने ओलावा धरावा. वाळवंटात सगळं लक्ष तापमानावर ठेवावं.

चूक नेमकी कुठे होते

अमेरिकेतल्या पुष्कळ लहान मैदानांवर स्वयंचलित हवामान केंद्र रेडिओवर वारा, तापमान आणि दाब सांगतं, आणि गरमीच्या दिवशी शेवटी डेन्सिटी अल्टिट्यूडही सांगतं. आयता आकडा मिळाला की तो टेबलात घालायचा मोह होतो. पण सेसना १७२ एस च्या टेकऑफ टेबलात उभ्या बाजूला प्रेशर अल्टिट्यूड आहे आणि आडव्या बाजूला तापमानाचे रकाने आहेत. गरमीचा हिशेब त्या रकान्यांत आधीच झालेला असतो. तिथे डेन्सिटीचा आकडा घातला की गरमी दोनदा मोजली जाते.

सेडोनाचं उदाहरण घ्या. मैदान ४८३० फुटांवर, दुपारचे ३६ अंश, दाब प्रमाण. डेन्सिटी अल्टिट्यूड सुमारे ८५००. हा आकडा प्रेशरच्या जागी घालून परत ३६ अंशांचा रकाना बघायला गेलात, तर कागदावर तुम्ही १३,००० फुटांवरून टेकऑफ करताय. टेबल ८००० फुटांवरच संपतं. ही चूक सुरक्षित बाजूची आहे असं म्हणतात, ते आम्हाला मान्य नाही. ‘टेबलात आपला आकडाच नाही’ असं म्हणून माणूस टेबल बाजूला ठेवतो आणि अंदाजाने निघतो, खरा धोका तिथे आहे.

उलटी चूक उघडच घातक. प्रेशर अल्टिट्यूडलाच डेन्सिटी समजून ४८३० धरलं आणि तापमान सोडून दिलं, तर ३७०० फूट हिशेबातून गळतात. काही तक्ते आणि आलेख मात्र खरोखरच डेन्सिटी अल्टिट्यूडवर काढलेले असतात. म्हणून आकडा घालण्याआधी अक्षावर काय लिहिलंय ते वाचायचं, दर वेळी.

तीन मैदानं

डेथ व्हॅलीतलं फर्नेस क्रीक समुद्रसपाटीच्या २१० फूट खाली आहे. अल्टिमीटर शून्याच्या खाली जातो आणि माणसाला वाटतं, इथे हवा दाट असणार. दाबाच्या दृष्टीने ते खरं आहे. पण १० जुलै १९१३ रोजी इथेच ५६.७ अंशांची नोंद झाली होती. ४६ अंशांच्या दुपारी इथलं डेन्सिटी अल्टिट्यूड सुमारे ३५०० फूट होतं, आणि रनवे साधारण ३००० फुटांचाच आहे. प्रेशर आणि डेन्सिटीची चिन्हंसुद्धा विरुद्ध, एक वजा आणि एक अधिक, हे एकाच जागी इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसेल. शिवाय १७२ एस च्या टेबलातले तापमानाचे रकाने ४० अंशांवर थांबतात. ४६ अंशांना हँडबुकाकडे उत्तर नाही, म्हणून त्या तासाला निघू नये. डिसेंबर-जानेवारीत हेच मैदान अगदी सोपं असतं.

सेडोना एका सपाट माथ्याच्या टेकडीवर आहे. रनवे ५१३२ फूट लांब, त्याला जवळपास २ टक्के चढ. वाऱ्याची अडचण नसेल तर रनवेच्या ०३ क्रमांकाच्या दिशेने, म्हणजे चढावर, उतरतात आणि उलट्या २१ क्रमांकाच्या दिशेने, म्हणजे उतारावर, निघतात. रनवेच्या टोकाला जमीन एकदम खाली जाते आणि वारा असेल तर तिथे विमान खाली दाबलं जातं. समुद्रसपाटीला प्रमाण हवेत १७२ एस ला ९६० फूट धावावं लागतं आणि ५० फुटांचा अडथळा पार करायला एकूण १६३० फूट लागतात. चढाई तिथे मिनिटाला ७३० फूट. पूर्ण वजनावर १४,००० फुटांशी ती १०० वर येते, म्हणजे दर हजार फुटांना साधारण ४५ कमी. ८५०० ला उरतात सुमारे ३५०. सांबऱ्याच्या त्या एप्रिलच्या दुपारी ४७० मिळत होते.

ग्रँड कॅनियनचं विमानतळ ६६०९ फुटांवर आहे. ३० अंशांना डेन्सिटी अल्टिट्यूड १०,००० ला टेकतं. रनवे जवळपास ९००० फुटांचा असल्याने धावायला जागा भरपूर, अडचण चढाईत येते. दरीवरून जायला ठरलेले मार्ग आहेत: उत्तरेकडे जाताना ११,५०० किंवा १३,५०० फूट, दक्षिणेकडे येताना १०,५०० किंवा १२,५००. हे आकडे क्यूएनएच लावलेल्या अल्टिमीटरवरचे, प्रेशरचेही नाहीत आणि डेन्सिटीचेही नाहीत. ११,५०० वर १० अंश तापमान असेल आणि दाब प्रमाण असेल, तर डेन्सिटी अल्टिट्यूड १३,६०० च्या पुढे जातं. तिथे पूर्ण भरलेलं १७२ चढता चढत नाही. ऑक्सिजनच्या नियमासाठी मात्र हा १३,६०० धरायचा नाही. तिथे प्रेशरचा ११,५०० च चालतो आणि नियम लागू होत नाही.

विमान हाताळताना काय बदलतं

वेगदर्शकावरचे उचलण्याचे आणि उतरण्याचे वेग बदलत नाहीत. नाक उचलायचं ५५ नॉटला, उतरायला येतानाचा वेग (अप्रोच) हँडबुकात दिलाय तोच. वेगदर्शक स्वतःच हवेच्या घनतेवर चालतो, त्यामुळे त्याने पंखाचा हिशेब आधीच केलेला असतो. बदलतो तो जमिनीवरून पळण्याचा वेग. ८५०० फुटांच्या डेन्सिटी अल्टिट्यूडला दर्शकावरचे ६१ नॉट म्हणजे प्रत्यक्षात ६९. डोळ्याला रनवे जास्त वेगाने मागे सरकताना दिसतो, म्हणून हात आपोआप नाक वर ओढतो किंवा पॉवर काढतो. तिथे डोळ्यापेक्षा काट्यावर विश्वास ठेवा.

मिक्स्चरचं, म्हणजे हवेतल्या इंधनाच्या प्रमाणाचं, तसं नाही, ते बदलावं लागतं. ३००० फुटांहून उंच मैदानांवरून निघताना विमान जागेवर धरून थ्रॉटल पूर्ण द्यायचा आणि सर्वांत जास्त आरपीएम मिळेपर्यंत मिक्स्चर पातळ करायचं, असं हँडबुक सांगतं. सांबरा त्या ३००० च्या आत येतं, म्हणून मिक्स्चरचा लाल नॉब पूर्ण आत ढकलून निघायची सवय लागू शकते. ती सवय सेडोनाला नेली तर आधीच दमलेलं इंजिन जास्तीच्या इंधनाने आणखी ताकद घालवतं. उतरतानाही चेकलिस्टच्या ओघात नॉब पूर्ण आत जाऊ देऊ नका. ऐन वेळी परत वर जायची पाळी आली तर पॉवर कमी पडेल.

टेकऑफ सोडायचा कधी, हे आधी ठरवून ठेवा. अर्धा रनवे संपेपर्यंत उचलण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल तर थांबायचं. सेडोनाला हे अर्धं अंतर २५६६ फुटांचं, आणि ५५ नॉटचे ७० टक्के म्हणजे ३८ ते ३९ नॉट. तो बिंदू डोळ्यांनी आधीच हेरून ठेवा.

दिवसाच्या सहलीत फसगत होते ती वेळेमुळे. सकाळी आठला सेडोनात २० अंश असतील तर डेन्सिटी अल्टिट्यूड सुमारे ६६००. जेवून, फिरून दोन वाजता परत आलात की तेच ८५००. उतरताना विमान ज्या मैदानावर आलं, निघताना ते मैदान १९०० फूट वर सरकलेलं असतं. त्यात उतरण्यापेक्षा उडायला बहुधा जास्त रनवे लागतो. म्हणून आदल्या रात्रीचा हिशेब परतीच्या टेकऑफचा करा, दुपारच्या सर्वांत जास्त अपेक्षित तापमानावर. तो बसत नसेल तर दहाच्या आत निघा, संध्याकाळपर्यंत थांबा, किंवा चौघांऐवजी दोघेच जा. पेट्रोलचं वजनही छोटं नाही: १० गॅलन म्हणजे ६० पौंड. सकाळी उतरल्याबरोबर टाकी भरून घेतली तर दुपारी ते काढता येत नाही. तेव्हा इंधनवाल्याला निघायच्या तासभर आधी बोलवा, आणि आकडा सांगून तेवढंच भरून घ्या.